मधल्या घराची कमाई

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, अगदी दक्षिण टोकाला, मॅकडॉवेल नावाची डोंगराळ काउंटी आहे. राज्याच्या खालचा प्रशासकीय घटक म्हणजे काउंटी. लोकसंख्या पाहिली तर यातल्या कित्येक काउंट्या आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही लहान भरतात. १९५० साली मॅकडॉवेलमध्ये ९८,८८७ माणसं राहत होती. जमिनीखाली कोळसा होता आणि तो काढायला हात लागत होते. पुढे खाणीत यंत्रं आली, ऐंशीच्या दशकात पोलादाचा धंदा बसला आणि हातांची गरज संपत गेली. २०२० च्या जनगणनेत उरले १९,१११ लोक.

जे उरले त्यांची कमाई किती? २००० च्या जनगणनेने उत्तर दिलं की मॅकडॉवेलमधल्या कुटुंबाचं मध्यक उत्पन्न वर्षाला १६,९३१ डॉलर आहे. हे उत्पन्न १९९९ सालचं होतं. त्याच वर्षी साऱ्या देशाचा मध्यक होता ४१,९९४ डॉलर. पुढच्या दशकाच्या शेवटी, २००६ ते २०१० या काळाचा नवा अंदाज आला तेव्हा मॅकडॉवेलचा आकडा २२ हजारांच्या आसपास पोचलेला होता. कागदावर ही जवळजवळ ३१ टक्क्यांची वाढ. पण १९९९ पासून २०१० पर्यंत अमेरिकेतली महागाईही तेवढीच, साधारण ३१ टक्के वाढली होती. म्हणजे दहा-अकरा वर्षांत मधल्या घराच्या हाती जास्तीचं काहीच आलं नाही.

आता या वाक्यावर तरी किती विसंबायचं? पहिला आकडा एका पद्धतीने काढलेला, दुसरा वेगळ्याच पद्धतीने. दोन्हींसाठी सगळ्या घरांना विचारलेलंच नव्हतं. एका लहान, गरीब, ओसरत चाललेल्या काउंटीचं उत्पन्न वर्षानुवर्षं मोजणं हे संख्याशास्त्रातलं अवघड काम आहे, आणि त्यावर शाळांचे पैसे, रस्त्यांचे पैसे अवलंबून असल्याने ते नीट होणं फार गरजेचं आहे.

काउंटीतली सगळी घरं उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने ओळीत उभी केली, तर बरोबर मधोमध जे घर येईल त्याचं उत्पन्न म्हणजे मध्यक. निम्मी घरं त्याच्या खाली, निम्मी वर. सरासरी घेतली तर एखाद्या खाणमालकाच्या बंगल्याने शंभर खाणकामगारांची गरिबी झाकली जाते. मध्यकाला तो बंगला दिसतो तो फक्त ओळीतलं एक घर म्हणून. त्यामुळे सामान्य घराचं कसं चाललंय हे विचारायचं असेल तर मध्यक हाच योग्य आकडा. मॅकडॉवेलसारख्या ठिकाणी तर खाणींचे आणि जमिनींचे बरेचसे मालक काउंटीबाहेर राहतात. त्यांचा नफा तिथल्या कुठल्याच घराच्या उत्पन्नात येत नाही.

अमेरिकेच्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला १९४० साली. त्यावरून वादळ उठलं. सरकारला आमच्या पगाराशी काय करायचंय, असं म्हणत न्यू हॅम्पशरचे सिनेटर चार्ल्स टोबी यांनी मोहीमच चालवली. शेवटी ज्याला प्रगणकाच्या तोंडावर कमाई सांगायची नसेल त्याला वेगळ्या कागदावर लिहून बंद पाकिटातून पाठवायची मुभा दिली गेली. पुढच्या दशकांत हा प्रश्न सगळ्यांना न विचारता काही घरांनाच विचारण्याची रीत पडली. २००० पर्यंत साधारण सहा घरांपैकी एका घराला लांबलचक फॉर्म मिळे. अगदी लहान गावांत हे प्रमाण दोनांत एकापर्यंत जाई, कारण लहान गावात सहांतलं एक घर घेतलं तर हाती फारच थोडी घरं लागतात. १६,९३१ हा आकडा याच लांब फॉर्ममधून आलेला.

लांब फॉर्मचं बळ त्याच्या मोठ्या नमुन्यात होतं. दोष हा की तो दहा वर्षांतून एकदाच येई. १९९० च्या जनगणनेतलं उत्पन्न १९८९ चं. ते हाती धरून १९९८ साली पैसे वाटायचे, तर मधल्या काळात बंद पडलेल्या खाणींचा हिशोब त्यात कुठून येणार? म्हणून २००५ पासून लांब फॉर्मची जागा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेने घेतली. हा सर्व्हे वर्षभर, दर महिन्याला चालतो आणि वर्षाकाठी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो. मात्र एका वर्षाचे आकडे जाहीर होतात ते ६५ हजारांहून जास्त वस्तीच्या भागांचेच. त्याहून लहान भागासाठी पाच वर्षांची उत्तरं एकत्र करावी लागतात. असा पहिला पंचवार्षिक संच, २००५ ते २००९ चा, २०१० च्या डिसेंबरात बाहेर आला. ग्रामीण काउंट्यांपैकी बहुतेकींना हेच आकडे मिळतात.

पाच वर्षं एकत्र करूनही नमुना लहानच राहतो. किती लहान आणि त्याने काय बिघडतं, हे एका साध्या हिशोबातून कळतं. समजा ४०० घरांनी उत्तर दिलं. ओळीतलं मधलं घर म्हणजे दोनशेव्या घराच्या आसपासचं. पण आपल्याला मिळालेली ४०० घरं योगायोगाने थोडी वरच्या किंवा खालच्या बाजूची असू शकतात. गणित सांगतं की ४०० घरांच्या नमुन्यात, ९० टक्के खात्रीने बोलायचं तर, खरा मध्यक नमुन्याच्या ओळीत ४६ टक्क्यांपासून ५४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. नमुना १०० घरांचा असेल तर ही पट्टी ४२ ते ५८ टक्के इतकी रुंदावते. त्या पट्टीच्या दोन टोकांच्या घरांचं उत्पन्न काढलं की मध्यकाच्या अंदाजाची वरची आणि खालची मर्यादा मिळते. राल्फ वुडरफ यांनी १९५२ साली मांडलेली ही युक्ती मला अतिशय आवडते, कारण तिच्यात काही लपवलेलं नाही; ओळीत उभ्या राहिलेल्या घरांकडे बोट दाखवून ती अनिश्चितता समजावते.

त्यामुळे सर्व्हेचा आकडा कधी एकटा येत नाही. त्याच्याशेजारी अधिक-उणे अशी मर्यादा छापलेली असते. वर्तमानपत्रात मात्र ती मर्यादा गळते आणि उरतो एक टणक दिसणारा आकडा. समजा एका काउंटीचा आधीचा अंदाज २८,००० अधिक-उणे २,५०० आणि नंतरचा ३०,५०० अधिक-उणे ३,०००. मथळा येणार की उत्पन्न अडीच हजारांनी वाढलं. दोन मर्यादांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं, म्हणजे फरकाची मर्यादा मिळते. इथे ती ३,९०० च्या आसपास येते. अडीच हजारांचा फरक तिच्या पोटात सहज मावतो. म्हणजे वाढ झाली असेल, नसेल, किंचित घटही झाली असेल. या सर्व्हेवरून तेवढं सांगता येत नाही.

मग लहान काउंटीने काय करावं? नमुना वाढवायला पैसा लागतो, आणि तीन हजारांहून जास्त काउंट्यांत तो वाढवणं कुणालाच परवडत नाही. या पेचातून निघण्याची वाट सापडली ती एका विचित्र वाटणाऱ्या सिद्धान्तातून. १९५६ साली चार्ल्स स्टाइन यांनी दाखवलं की तीन किंवा अधिक सरासऱ्यांचे अंदाज एकाच वेळी बांधायचे असतील, तर प्रत्येकीचा अंदाज फक्त तिच्याच माहितीवरून बांधणं हा सर्वांत चांगला मार्ग नसतो. सगळ्यांना थोडं थोडं एका सामायिक मध्याकडे ओढलं तर एकूण चूक कमी होते. १९६१ मध्ये स्टाइन आणि विलार्ड जेम्स यांनी ते सूत्रात बसवलं. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी सत्तरच्या दशकात १८ बेसबॉलपटूंची उदाहरणं घेऊन ते लोकांच्या गळी उतरवलं. १९७० च्या हंगामाच्या सुरुवातीला रॉबर्टो क्लेमेंटेने ४५ संधींत १८ फटके मारले होते, म्हणजे ०.४००. उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधताना त्या ०.४०० ला इतरांच्या सरासरीकडे बरंच खाली खेचावं लागतं, आणि तसं खेचलेले आकडेच खऱ्या निकालाच्या जास्त जवळ निघाले.

उत्पन्नाच्या बाबतीत हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरलं रॉबर्ट फे आणि रॉजर हेरिअट या जनगणना खात्यातल्या दोघांनी. १९७२ च्या एका कायद्याने केंद्र सरकार सुमारे ३९ हजार स्थानिक संस्थांना महसुलातला वाटा देऊ लागलं होतं आणि त्या वाटपाच्या सूत्रात दरडोई उत्पन्न होतं. पण १९७० च्या जनगणनेत उत्पन्न विचारलं होतं फक्त २० टक्के घरांना. ५०० वस्तीच्या गावाच्या अंदाजात त्यामुळे १३ टक्क्यांच्या आसपास प्रमाण-त्रुटी निघे, १०० वस्तीच्या गावात ३० टक्के. म्हणून ५०० पेक्षा लहान गावांना सरळ त्यांच्या काउंटीचाच आकडा चिकटवला जाई. गाव काउंटीहून गरीब असो की श्रीमंत, त्याचं स्वतःचं असं काही उरतच नसे.

फे आणि हेरिअट यांनी १९७९ च्या आपल्या शोधनिबंधात मधला मार्ग मांडला. आधी प्राप्तिकराची विवरणपत्रं, घरांच्या किमती, काउंटीचं उत्पन्न अशा हाताशी असलेल्या माहितीवरून गावाचं उत्पन्न किती असायला हवं याचा आडाखा बांधायचा. मग गावाच्या नमुन्यातून आलेला आकडा घ्यायचा. दोघांना वजन द्यायचं ते त्यांच्या विश्वासार्हतेप्रमाणे. नमुना मोठा असेल तर गावाच्या स्वतःच्या उत्तराला वजन जास्त. नमुना तुटपुंजा असेल तर आडाख्याला. या अंदाजांची पारख करायला १९७३ साली निवडक लहान गावांत झालेली विशेष गणना उपयोगी पडली. नवे अंदाज जुन्यांपेक्षा खऱ्या उत्पन्नाच्या जवळ होते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा पेच परका नाही. महसूल मंडळात मोजक्या शेतांत पीककापणी प्रयोग होतात आणि त्यातून निघालेल्या उत्पादनावर साऱ्या मंडळाची विम्याची भरपाई ठरते. ती चार-दोन शेतं चांगली निघाली की करपलेल्या शेतांना काही मिळत नाही. थोड्या नमुन्यावर मोठा निर्णय टाकला की अन्याय कसा होतो, हे वेगळं सांगायला नको. लहान भागांचे असे अंदाज बांधण्यावरचा जगभर वापरला जाणारा ग्रंथ लिहिणारे जे. एन. के. राव मूळचे आंध्रचे. ते कॅनडातल्या ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात शिकवत.

काउंट्यांसाठी ही पद्धत दरवर्षी वापरण्याची वेळ आली नव्वदच्या दशकात. गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचे पैसे देणाऱ्या १९६५ च्या शिक्षण कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि ताजे आकडे वापरण्याचं बंधन आलं. त्यातून जनगणना खात्याचा लहान भागांच्या उत्पन्न आणि दारिद्र्याचे अंदाज बांधणारा कार्यक्रम उभा राहिला. काउंट्यांचे त्याचे आकडे १९९३, १९९५ आणि मग १९९७ पासून दरवर्षी मिळतात. त्यात प्राप्तिकराच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, एकूण उत्पन्नात सरकारी मदतीचा वाटा किती, आधीच्या जनगणनेचा मध्यक अशा गोष्टी आडाख्यासाठी घेतात आणि त्यात सर्व्हेचं उत्तर मिसळतात. मॅकडॉवेलचा एका वर्षाचा थेट आकडा काउंटी लहान म्हणून जाहीर होत नाही, पण खात्याकडे तो असतो, आणि या मिश्रणात तो पडतो.

आता काळाच्या ओघात पाहू. या वार्षिक अंदाजांच्या मालिकेचा आलेख काढला की एक सलग रेघ दिसते, पण त्या रेघेच्या पोटात सांधे आहेत. २००४ पर्यंत तिच्यामागे दुसराच सर्व्हे होता, मागच्या पूर्ण वर्षाचं उत्पन्न विचारणारा. त्याचा नमुना इतका विरळ की निम्म्याहून अधिक काउंट्यांत त्याचं एकही घर नसे. त्या काउंट्यांचा अंदाज निव्वळ आडाख्यावर उभा असे. २००५ पासून आला कम्युनिटी सर्व्हे, जो उत्तर देण्याच्या दिवसाआधीच्या बारा महिन्यांचं उत्पन्न विचारतो. त्यामुळे २००४ आणि २००५ यांच्यामध्ये रेघ वर-खाली झालेली दिसली तर तिचं कारण खाणीत शोधण्याआधी पद्धतीत शोधावं. शिवाय या मालिकेतले डॉलर त्या त्या वर्षाचे असतात, महागाई त्यातून काढलेली नसते. पंचवार्षिक आकड्यांत मात्र सगळी उत्तरं शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणलेली असतात. हे दोन्ही एका आलेखावर चढवणारे लोक मी पाहिले आहेत. त्या आलेखाला काहीच अर्थ उरत नाही.

पंचवार्षिक आकड्यांचा आणखी एक सापळा. २०११-१५ आणि २०१२-१६ या दोन संचांत चार वर्षांची उत्तरं तीच आहेत. त्यांतला फरक हा मुळात २०११ आणि २०१६ या दोन वर्षांतला फरक, पाचाने पातळ झालेला. बदल पाहायचा तर २००६-१०, २०११-१५, २०१६-२० असे एकमेकांवर न चढणारे संच घ्यावेत. अशाने पंधरा वर्षांत तीनच बिंदू मिळतात, पण ते विश्वासाचे असतात. लहान काउंटीबद्दल प्रामाणिकपणे याहून जास्त बोलता येत नाही, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

उत्पन्न म्हणजे नेमकं काय धरतात, हेही पाहायला हवं. पगार, धंद्याची कमाई, व्याज, भाडं, सोशल सिक्युरिटी, पेन्शन, रोख सरकारी मदत हे सगळं धरतात. धान्यासाठीची मदत धरत नाहीत, दवाखान्याचा सरकारने भरलेला खर्च धरत नाहीत. मॅकडॉवेलमध्ये याला वेगळंच वजन आहे. अध्यक्ष केनेडींच्या काळात फूड स्टॅम्पचा, म्हणजे अन्नखरेदीच्या सरकारी कुपनांचा, प्रयोग सुरू झाला तेव्हा त्यातली पहिली खरेदी झाली ती याच काउंटीच्या वेल्च गावात, मे १९६१ मध्ये. घरात आलेलं ते अन्न त्या घराच्या उत्पन्नात कधीच दिसलं नाही. मध्यक उत्पन्न बघून तिथल्या ताटात काय होतं ते कळणार नाही. पेन्शनची गोष्ट तर आणखी निसरडी. ॲडम बी आणि जोशुआ मिचेल या दोघांनी सर्व्हेतली उत्तरं सरकारी नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा २०१२ सालासाठी ६५ वर्षांवरच्यांच्या घरांचं मध्यक उत्पन्न सर्व्हेत दिसतं त्याहून ३० टक्के जास्त निघालं. लोक पेन्शनचे पैसे सांगायला विसरतात किंवा कमी सांगतात. तो अभ्यास देशपातळीवरचा आणि वेगळ्या सर्व्हेवरचा आहे, पण ज्या काउंटीतली तरुण माणसं निघून गेली आणि म्हातारी मागे राहिली, तिथे ही उणीव जास्त भारी पडणार हे उघड आहे.

निघून जाण्याचा परिणाम हिशोबातही उतरतो. समजा नऊ घरं आहेत आणि त्यांची उत्पन्नं हजारांत १०, १२, १५, १८, २०, २४, ३०, ४० आणि ६० अशी. मध्यक २०. यातली सर्वांत गरीब दोन घरं काम शोधायला शेजारच्या राज्यात गेली तर उरलेल्या सातांचा मध्यक होतो २४. गावात कुणाचाही पगार एका डॉलरने वाढलेला नाही, तरी आकडा २० टक्क्यांनी चढला. उलट खाण बंद पडून ४० आणि ६० वाली घरं गेली तर मध्यक १८ वर येतो, आणि मागे राहिलेल्यांचं तर काहीच घटलेलं नसतं. सत्तर वर्षांत पाचांतली चार माणसं गमावलेल्या काउंटीच्या आकड्यांमध्ये या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असणार, आणि त्या वेगळ्या काढायच्या तर तीच घरं वर्षानुवर्षं पाहावी लागतील. असा अभ्यास इतक्या छोट्या जागी होत नाही. म्हणून मध्यकाशेजारी लोकसंख्येचा आकडा नसेल तर मला तो अर्धवटच वाटतो. लोकसंख्येतही पुन्हा फट आहे. २०१० च्या सुमारास वेल्चजवळ केंद्र सरकारचा मोठा तुरुंग सुरू झाला. कैदी काउंटीच्या लोकसंख्येत मोजले जातात, पण तुरुंग हे कुटुंब नव्हे. त्यामुळे मध्यकाला त्यांचा स्पर्श होत नाही आणि दरडोई उत्पन्न मात्र त्यांच्यामुळे खाली जातं. एकाच गावाचे दोन आकडे दोन दिशांना बोलू लागले तर कारण कधी कधी असं साधं असतं.

हे सगळं कुठे जाऊन टेकतं, तर पैशांच्या वाटपावर. गरीब मुलांच्या संख्येचे वर सांगितलेले अंदाज शाळांच्या अनुदानाच्या सूत्रात जातात. मॅकडॉवेल ज्यात येते त्या ॲपलेशियन डोंगरी विभागासाठी १९६५ पासून काम करणारा आयोग दरवर्षी आपल्या काउंट्यांची वर्गवारी करतो. त्यात बेरोजगारी, दारिद्र्य आणि दरडोई बाजारी उत्पन्न पाहिलं जातं. देशातल्या सर्वांत वाईट दहा टक्क्यांत मोडणारी काउंटी ‘संकटग्रस्त’ ठरते आणि प्रकल्पाच्या खर्चातला आयोगाचा वाटा एरवी ५० टक्के असतो तो तिच्यासाठी ८० टक्क्यांपर्यंत जातो. या वर्गवारीच्या सीमेवरच्या काउंटीसाठी अंदाजातली थोडी हालचाल म्हणजे पाण्याची योजना होणार की नाही, हा प्रश्न.

आणि आता या अंदाजांचा पायाच झिजतो आहे. २०१० च्या सुमारास कम्युनिटी सर्व्हेला ९७ टक्क्यांच्या वर प्रतिसाद मिळायचा. २०१९ मध्ये तो ८६ वर आला होता. २०२० च्या महामारीत ७१ टक्क्यांपर्यंत घसरला आणि त्यानंतरही ८५ च्या आसपासच राहिला. उत्तर न देणाऱ्यांची वजनं उत्तर देणाऱ्यांवर चढवली जातात. मोठ्या शहरात त्याने फारसं बिघडत नाही. मॅकडॉवेलमध्ये मात्र फॉर्म भरणारं प्रत्येक घर शेजारच्या कित्येक घरांच्या वतीने बोलत असतं, आणि दार न उघडणारी घरं नेमकी कोणत्या टोकाची आहेत हे कुठलंही सूत्र सांगू शकत नाही. आडाखे कितीही चांगले बांधले तरी त्यांना लागणारं वळण शेवटी या थोड्या घरांच्या उत्तरांतूनच येतं. म्हणून नमुना वाढवण्यासाठी आणि दारोदार फिरणाऱ्या माणसांसाठी लागणारा पैसा कमी करू नये, असं मला ठामपणे वाटतं. तो वाचवला तर किंमत मोजावी लागते ती याच काउंट्यांना.